घरगुती ईव्ही चार्जरवरील वीजकंपनीची सवलत: अटी कशा वाचाव्यात?

रातराणी (प्रश्न)

नमस्कार. आम्ही विजेवर चालणारी मोटार नोंदवली आहे आणि ती ताब्यात येण्यापूर्वी घरी चार्जर बसवून घ्यावा असा विचार आहे. आमच्या वीजकंपनीची घरगुती चार्जरसाठी सवलत योजना आहे. चार्जर व तो बसवण्याचा खर्च आधी आपण करायचा आणि कागदपत्रे सादर केल्यावर कंपनी त्यातील काही भाग परत देणार, असे तिचे स्वरूप आहे.

माहितीपत्रक वाचूनही काही शंका उरल्या. चार्जर बसवून झाल्यावर अर्ज केला तर चालतो का? कंपनीच्या यादीतलाच ‘स्मार्ट’ चार्जर घेण्याची सक्ती कशासाठी? साधा चार्जर स्वस्त पडतो आणि मोटार तर दोन्हींवर सारखीच चार्ज होणार. मला सर्वांत अस्वस्थ करते ते ‘व्यवस्थापित चार्जिंग’ला संमती देण्याचे कलम, कारण त्यानुसार कंपनी ठरावीक वेळी आमच्या मोटारीचे चार्जिंग मंद करू शकेल किंवा थांबवू शकेल. सकाळी निघताना बॅटरी अर्धवट भरलेली आढळली तर काय करायचे? विक्रेता 7.4 किलोवॅटच्या चार्जरचा आग्रह धरतो आहे. आमचा रोजचा प्रवास साधारण 40 किलोमीटरचा आहे.

त्रिफेज

घरगुती विद्युत जोडणी हे माझे रोजचे काम असल्याने कागदपत्रांपासून सुरुवात करतो. काही योजनांत खरेदीनंतर ठरावीक मुदतीत केलेला अर्ज चालतो, काहींत पूर्वमंजुरी लागते आणि मंजुरीच्या तारखेआधीचे बिल सरळ नाकारले जाते. त्यामुळे आपल्या योजनेतील या एका वाक्याचा छडा लागेपर्यंत चार्जरची आगाऊ रक्कमही भरू नये. अर्जदाराचे, वीजजोडणीचे आणि चार्जरच्या बिलावरचे नाव एकच ठेवा. जोडणी वडिलांच्या नावावर आणि बिल मुलाच्या नावावर, असे घराघरांत असते आणि अर्ज तिथेच अडकतो. ठेकेदाराकडून चार्जर, केबल व इतर साहित्य आणि मजुरी यांचे आकडे बिलात वेगवेगळे लिहून घ्या, कारण पुष्कळदा चार्जर आणि जोडणीचे काम यांच्यासाठी परताव्याची मर्यादा स्वतंत्र असते. अनुक्रमांक वाचता येईल असे छायाचित्र चार्जर भिंतीवर चढण्याआधीच काढून ठेवावे, कारण काही चार्जरांची अनुक्रमांकाची पट्टी मागच्या बाजूला असते.

सवलतीच्या रकमेपेक्षा मला काळजी वाटते ती घराच्या मंजूर भाराची, म्हणजे कंपनीने जोडणीसाठी मंजूर केलेल्या कमाल किलोवॅटची. 7.4 किलोवॅटचा चार्जर 230 व्होल्टवर 32 अँपिअर घेतो, तोही कित्येक तास सलग. गीझर काही मिनिटांत बंद होतो. चार्जरचे तसे नसते, म्हणून त्याच्यासाठी मीटरजवळच्या वितरण पेटीपासून स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) आणि तपासून घेतलेले अर्थिंग हवे. गळती प्रवाहाच्या संरक्षणाकडेही तितकेच लक्ष द्या. मोटारीतील इलेक्ट्रॉनिक्समुळे एकदिश (डीसी) प्रवाहाची गळती होऊ शकते आणि घरातील नेहमीचे आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारे उपकरण, तिच्यामुळे आंधळे होऊ शकते. म्हणून 6 मिलिअँपिअरपेक्षा जास्त एकदिश गळती ओळखणारी सोय चार्जरमध्ये आहे का, हे विचारा. नसेल तर एकदिश गळतीही ओळखणारे ‘टाइप बी’ आरसीसीबी बसवावे लागते. परवानाधारक ठेकेदाराचे पूर्तता प्रमाणपत्र योजना मागते, ते याच गोष्टींसाठी. सवलत मिळाली नाही तरी ते घ्याच.

सौदामिनी

रातराणीताई, ‘स्मार्ट’ची अट आणि ते संमतीचे कलम या दोन्हींचे मूळ एकच आहे. कंपनी पैसे परत देते ते मोटारीचे चार्जिंग वेळेत मागेपुढे सरकवता यावे म्हणून. लोक संध्याकाळी घरी परततात, दिवे, स्वयंपाकघर आणि वातानुकूलन एकदम सुरू होते आणि त्याच वेळी मोटारीही चार्जिंगला लागतात. वीजनिर्मिती पुरेशी असली तरी गल्लीतल्या रोहित्राची क्षमता ठरलेली असते. रोहित्र आणि केबल बदलण्यापेक्षा काही ग्राहकांचे चार्जिंग मध्यरात्रीवर ढकलणे कंपनीला स्वस्त पडते.

नुसता स्वस्त दराचा काळ जाहीर करून हे साधत नाही. दर उतरण्याच्या मिनिटालाच सगळ्यांचे टायमर एकदम सुरू झाले तर रात्रीचा नवाच उच्चांक तयार होतो. ब्रिटनमध्ये 30 जून 2022 पासून लागू झालेल्या नियमांनी घरगुती चार्जरमध्ये चार्जिंग 10 मिनिटांपर्यंत यादृच्छिक उशिरा सुरू होण्याची सोय सक्तीची केली, ती याच कारणाने. ग्राहकाला तो उशीर त्या वेळेपुरता रद्द करता येतो.

चार्जिंग मंद कसे होते तेही पाहा. भिंतीवरचा एसी चार्जर केबलमधील एका वेगळ्या तारेवरून 1 किलोहर्ट्झचा चौकोनी संकेत मोटारीला पाठवतो. त्या संकेताच्या प्रत्येक आवर्तनात उंच पातळी किती वेळ टिकते, यावरून मोटारीला कमाल किती प्रवाह घ्यायचा ते कळते: 10 टक्के म्हणजे 6 अँपिअर, सुमारे 53 टक्के म्हणजे 32 अँपिअर. कंपनीचा आदेश इंटरनेटवरून आला की चार्जर एवढीच टक्केवारी बदलतो. या पद्धतीत 6 अँपिअरपेक्षा कमी प्रवाह सांगता येत नाही. त्याखाली जायचे तर चार्जिंग थांबवावेच लागते. साध्या चार्जरला बाहेरून आदेश घेताच येत नाही, म्हणून तो यादीत बसत नाही. यादीतल्या चार्जरांपैकी निवडताना ओसीपीपी या खुल्या संकेतप्रणालीवर चालणारा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. उत्पादकाची सेवा उद्या बंद पडली तरी असा चार्जर दुसऱ्या व्यवस्थेशी जोडता येण्याची शक्यता राहते.

हिशेबनीस

सकाळची भीती आकड्यांत मांडून पाहू. मोटार किलोमीटरला 0.15 युनिट खाते असे धरले तर 40 किलोमीटरला 6 युनिट आणि चार्जिंगमधली घट धरून सुमारे 7 युनिट लागतील. 16 अँपिअरच्या, म्हणजे 3.7 किलोवॅटच्या चार्जरवर हे काम दोन तासांच्या आत उरकते. कंपनीने प्रवाह 6 अँपिअरवर आणून ठेवला तरी 1.38 किलोवॅट मिळतात आणि पाच-सव्वापाच तासांत रोजची भर पुरी होते. आपल्यासारख्या प्रवासाला चार्जिंग मंद झाल्याने धोका नाही. जे काही आहे ते पूर्ण थांबवण्यात. तेव्हा कलमात एवढेच शोधा: एका वेळी जास्तीत जास्त किती तास थांबवणार, आधी सूचना देणार का, आणि आपल्याला त्या रात्रीपुरता नकार देता येतो का. नकार दिल्यास काही रक्कम कापली जाते की पुढची पूर्ण सवलतच जाते, यात फार फरक आहे.

7.4 किलोवॅटचा आग्रह मात्र मला पटत नाही. विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर मोटारीतच होते, म्हणून मोटारीतील यंत्रणेची क्षमता आधी पाहा, ती 3.3 किलोवॅटची असेल तर भिंतीवरचा मोठा चार्जर तिला अधिक काही देऊ शकत नाही. मोठ्या चार्जरसाठी मंजूर भार वाढवावा लागला आणि त्यामुळे दर महिन्याचा स्थिर आकार चढला, तर एकदाच मिळणारी सवलत त्यातच संपते. तेव्हा आधी गरजेचा चार्जर ठरवा आणि मग तो यादीत आहे का ते पाहा.

रातराणी

सर्वांचे मनापासून आभार. मोटारीतील यंत्रणा 7.2 किलोवॅटची आहे, परंतु आमचा मंजूर भार पाहता 16 अँपिअरच योग्य वाटतो. अर्जाबाबत विचारले, तर आमच्या योजनेत पूर्वमंजुरी आवश्यक आहे. नकार देण्याची सोय आहे आणि त्या रात्रीपुरतीच रक्कम कापली जाते. पाच वर्षे योजनेत राहण्याची अट मात्र आहे. मधेच घर बदलले तर?

त्रिफेज

चार्जर नव्या घरी नेता येतो का आणि नवे घर त्याच कंपनीच्या क्षेत्रात नसल्यास परतावा कोणत्या प्रमाणात वसूल होतो, हे लेखी विचारा. राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात वसुली असेल तर ती अट न्याय्य आहे आणि मी सही करेन. पूर्ण रक्कम परत मागणारे कलम असेल आणि घर बदलण्याची शक्यता खरी असेल, तर ओसीपीपीवर चालणारा 16 अँपिअरचा चार्जर सवलतीविना घेऊन वेळेनुसार दराचा लाभ स्वतःच्या टायमरने घ्यावा. मंजूर भार आधीच तपासून घेतलात, हे फार बरे झाले.