शब्दचर्चा : फ्रेंच राज्यक्रांतीच्या संदर्भात 'स्थानिक स्वराज्य' म्हणावं का?

प्रश्न : 1789 ते 1800 या काळातल्या फ्रान्सच्या गावोगावच्या कारभाराचा इतिहासकारांनी कसा अभ्यास केला, यावरचा एक लेख मराठीत आणतो आहे. 'लोकल गव्हर्नमेंट'साठी सरसकट 'स्थानिक स्वराज्य संस्था' लिहिलं तर चालेल का? आणि 'कम्यून'ला, म्हणजे फ्रान्समधल्या सर्वांत खालच्या प्रशासकीय घटकाला, 'ग्रामपंचायत' म्हणावं का?

प्रतिसाद : 'स्थानिक स्वराज्य' सरसकट वापरू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गावांच्या हाती खरंच 'स्व'चं राज्य होतं की ती पॅरिसची हुकूमबरदार होती, हाच तर इतिहासकारांचा वाद आहे. भाषांतरात आधीच 'स्वराज्य' लिहिलंत, तर त्या वादाचा निकाल तुम्हीच लावून टाकाल.

एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच विचारवंत तोक्विल घ्या. तूर इथल्या जुन्या राजवटीच्या दप्तरात बसून त्याने इंतांदाँची, म्हणजे राजाने प्रांतांत नेमलेल्या अधिकाऱ्यांची कागदपत्रं चाळली आणि 1856 साली मांडलं की केंद्रीकरण ही क्रांतीची निर्मिती नाही. ते राजेशाहीतच सुरू झालं होतं आणि क्रांतीने पुढे नेलं. त्याच्या लेखी गाव कधीचंच परावलंबी झालेलं. इथे 'स्थानिक प्रशासन' हाच शब्द बसतो.

पण 14 डिसेंबर 1789 चा कायदा वाचला की चित्र पालटतं. त्यात नगरमंडळांची कामं चक्क दोन प्रकारची सांगितली आहेत. काही त्यांच्या स्वतःच्या अधिकारातली : गावाच्या मालमत्तेची व्यवस्था, स्थानिक खर्च, स्वच्छता, शांतता. काही राज्याने सोपवलेली : प्रत्यक्ष कराची वाटणी, वसुली वगैरे. महापौर आणि सदस्य निवडून आलेले, मतदार मात्र किमान तीन दिवसांच्या मजुरीएवढा कर भरणारे पुरुषच. पहिल्या प्रकारासाठी 'स्वराज्य' म्हणायला माझी हरकत नाही, दुसऱ्यासाठी 'सोपवलेला कारभार' म्हणा. एकाच संस्थेला संदर्भानुसार दोन शब्द येतील. त्याला इलाज नाही, कारण मूळ कायद्यातच ती दुहेरी आहे.

'ग्रामपंचायत' तर नकोच. त्या कायद्याने शहर आणि खेडं यांत फरक केला नाही. मूठभर घरांचं गावही कम्यून आणि लियाँही कम्यून. अशा सुमारे 44,000 कम्यून होत्या. 'कम्यून' तसाच ठेवा. फक्त 10 ऑगस्ट 1792 च्या उठावात सत्ता घेतलेली पॅरिसची कम्यून आली, की 'पॅरिसची बंडखोर कम्यून' असं पूर्ण लिहा, नाहीतर वाचक 1871 च्या पॅरिस कम्यूनमध्ये जाऊन पोचतो.

दुसरा प्रतिसाद : 'म्युनिसिपल रेव्होल्यूशन'चं काय? मी 'नगरपालिका क्रांती' वाचलं आहे, पण त्यातून पालिकेच्या कारभारात सुधारणा झाल्याचा भास होतो.

प्रतिसाद : बरोबर आहे, म्हणूनच मी 'नगरांतील सत्तांतर' सुचवेन. 1789 च्या उन्हाळ्यात, पॅरिसचा बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडल्याच्या आगेमागे, अनेक शहरांत जुन्या नगरप्रमुखांच्या जागी किंवा त्यांच्या शेजारी नव्या समित्या बसल्या. शेजारी की जागी, हा तपशील महत्त्वाचा आहे. लिन हंट यांनी 1978 च्या पुस्तकात त्र्वा आणि रँस या दोन शहरांची तुलना केली. रँसमध्ये जुने प्रतिष्ठित आणि नवे लोक बऱ्यापैकी जुळवून घेतात. त्र्वामध्ये मात्र संघर्ष चिघळतो आणि सप्टेंबरमध्ये महापौर युएझचा जमावाकडून खून होतो. देश एक, उन्हाळा एक, निकाल दोन. 'क्रांती' हा भारदस्त शब्द दोन्ही शहरांवर सारखाच डकवला, तर हा फरक दिसेनासा होतो. पॅरिसमधून सगळं घडलं असं समजणाऱ्या जुन्या मांडणीला अशा अभ्यासांनी मोठा धक्का दिला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

मूळ प्रश्नकर्ता : छान! आता 1793 चे 'आजाँ नास्योनाल'? 'राष्ट्रीय प्रतिनिधी' लिहिलंय.

प्रतिसाद : बदला. 'प्रतिनिधी' हा शब्द कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय संसदेने, प्रांतांत धाडलेल्या सभासदांसाठी राखून ठेवा. ते निवडून आलेले होते. क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेतल्या 14 फ्रिमेर, म्हणजे 4 डिसेंबर 1793 च्या कायद्याने जिल्हा आणि कम्यूनमधल्या निवडून आलेल्या प्रोक्युररच्या, म्हणजे कायदेशीर बाजू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, जागी जे आजाँ नास्योनाल आले, ते केंद्राला जबाबदार होते. जिल्ह्यांकडून दर दहा दिवसांनी पॅरिसला अहवाल जायचा. 'राष्ट्रीय एजंट' कानाला रुक्ष वाटतं, पण अर्थ चोख पोचतो. दोन्ही पदं एकाच शब्दात गुंडाळली, तर कॉलिन लुकस यांचा 1973 चा लुआर विभागाचा अभ्यास मराठीत कळणारच नाही. तिथे जावोग हा कन्व्हेन्शनचा प्रतिनिधी आणि स्थानिक मंडळी यांच्या संबंधांतूनच दहशतीचा कारभार कसा चालला, ते उलगडत जातं.

आणखी एक, न विचारलेलं. 'फेदेरालिस्म'चं 'संघराज्यवाद' करू नका. 2 जून 1793 ला कन्व्हेन्शनमधल्या जिराँदँ गटाच्या सभासदांना अटक झाल्यावर काँ, बोर्दो, मार्सेय अशा ठिकाणच्या स्थानिक मंडळांनी निषेध केला. त्यांना देशाचं संघराज्य करायचं नव्हतं. तो आरोप विरोधकांचा. 'तथाकथित फेडरलिस्ट बंड' असं लिहा आणि पहिल्यांदा शब्द येईल तिथे, तो शत्रूंनी दिलेला आहे, एवढं सांगा.

1800 नंतरच्या भागात मात्र निर्धास्तपणे 'प्रशासन' लिहा. 28 प्लुव्हियोजच्या, म्हणजे 17 फेब्रुवारी 1800 च्या कायद्याने विभागांवर प्रीफेक्ट, म्हणजे केंद्राने नेमलेले अधिकारी, आले आणि महापौरही वरून नेमले जाऊ लागले.