फॉस्टर केअर: दोन घरं मोडली, तिसरं टिकवायचं कसं?

(पाणंद, उंबरठा, सातबारा, गृहमाता ही बोलणाऱ्यांची टोपणनावं. फॉस्टर कुटुंब म्हणजे दत्तक न घेता मूल काही काळ घरी सांभाळणारं कुटुंब.)

पाणंद: एका ९ वर्षांच्या मुलीबद्दल विचारायचंय, ती सध्या बालगृहात आहे. दोनदा फॉस्टर कुटुंबात दिली, दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत परत आली. तक्रार एकच: "खायचं चोरते, खोटं बोलते." धाकटा भाऊ मुलग्यांच्या वेगळ्या बालगृहात. आई आहे, महिन्यातून एकदा भेटते, पण सांभाळण्याच्या स्थितीत नाही. तिसरं कुटुंब तयार आहे, गृहभेट अहवालही चांगला. बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलांना कुठे ठेवायचं हे ठरवणारी समिती) जाण्याआधी काय पक्कं करावं?

उंबरठा: आधी त्या "चोरी"बद्दल. उपाशी राहिलेलं मूल उशीखाली पोळी लपवतं, कारण उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. नव्या कुटुंबाला हे मोकळेपणाने सांगा. लपवलंत तर पहिल्या शिळ्या पोळीलाच विश्वास जातो. उपाय साधा आहे: तिच्या नावाचा डबा, त्यात चिवडा, राजगिऱ्याचे लाडू, रोज रात्री तिच्यासमोर भरायचा. डबा कधीही उघडायची मुभा. शिक्षा म्हणून जेवण किंवा डबा बंद करायचा नाही, कधीच नाही.

दुसरं, घाई. आदेश झाला की त्याच दिवशी पिशवी देऊन पाठवणं हे घर मोडण्याचं मोठं कारण. आधी कुटुंबाने बालगृहात दोन-तीनदा यावं, मग तिने एक दिवस घरी जावं, मग एक रात्र, मग शनिवार-रविवार. मुक्कामासाठी समितीची परवानगी आधीच घ्या. तिची गोधडी सोबत द्या, आणि न धुता, तो वास तिचा आहे.

तिसरं, पहिले काही आठवडे मूल फार शहाण्यासारखं वागतं. मग अचानक उलट बोलणं, अंथरूण ओलं करणं सुरू होतं. "हे मला ठेवतील का?" हे ते तपासत असतं. नेमकं तेव्हाच घरातून "बालगृहात परत पाठवू" हे वाक्य येतं. ते एकदा जरी बोललं गेलं, तरी पुढची सगळी मेहनत त्याच्याशी झगडण्यात जाते. कुटुंबाकडून हे आधीच कबूल करून घ्या. गादीवर प्लॅस्टिक, दोन जादा चादरी, आणि चादर बदलताना चर्चा नाही.

सातबारा: कागदांचं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ३९: भावंडांना शक्यतो एकत्र ठेवायचं. या कुटुंबाला दोघं झेपतील का, हे विचारा. नाही झेपत, तर भेटीचा ठरलेला वार वैयक्तिक काळजी आराखड्यात (तिच्या संगोपनाचा लेखी आराखडा) लिहून घ्या. तोंडी ठरलेली भेट दुसऱ्या महिन्यात बंद पडते. कलम ४४ प्रमाणे समितीने दर महिन्याला फॉस्टर कुटुंबाची पाहणी करायची असते. तारखा आताच मागा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून फॉस्टर मुलासाठी मिळणारे दरमहा ४,००० रुपये उशिरा आले तर पहिले महिने कुटुंब कसं भागवेल, हेही विचारा.

कुटुंबाच्या मनात दत्तक आहे का, हे स्पष्ट बोला. फॉस्टर केअरबद्दलच्या केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी दत्तकासाठीची फॉस्टर काळाची अट पाच वर्षांवरून दोनवर आणली, पण त्यासाठी मूल कायदेशीररीत्या मुक्त, म्हणजे दत्तक देता येईल असं समितीने जाहीर केलेलं, असावं लागतं. इथे आई आहे, भेटते. हे न समजलेलं कुटुंब आईला स्पर्धक मानू लागतं.

पाणंद: आईला भेटून आली की दोन दिवस चिडचिड करते. आधीच्या कुटुंबाने म्हणून भेटी थांबवायला सांगितल्या होत्या.

उंबरठा: थांबवू नका. चिडचिड आईमुळे नाही, निरोपामुळे होते. भेट शनिवारी ठेवा म्हणजे रविवार मोकळा मिळतो, आणि निघण्याआधी पुढची तारीख तिच्याच हाताने कॅलेंडरवर लिहू द्या. भेटीत काही गैर घडत असेल, तर समितीला लेखी कळवा. तो निर्णय कुटुंबाचा नाही, समितीचा.

गृहमाता: शाळा शक्य तर तीच ठेवा, निदान वार्षिक परीक्षेपर्यंत. बदलावीच लागली, तर दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं आहे. आणि बालगृहातल्या ज्या ताईंशी तिचं जमतं, त्यांनी पहिला महिना दर आठवड्याला ठरल्या वेळी फोन करावा. कुटुंबालाही रात्री उचलला जाईल असा एक नंबर द्या. घरं बहुतेक रात्री दहानंतर मोडतात, तेव्हा कार्यालय बंद असतं.