बी.ए.च्या पोरांनी संशोधन करायचं नाही, मग कोणी करायचं?

तापीकाठ: परवा 'जुना फळा' सरांनी लिहिलं, की बी.ए.च्या मुलांचं संशोधन म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आधी त्यांना धड वाचायला शिकवा. दोन दिवस गप्प बसले. आता बसवत नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गातला एक मुलगा, अमळनेरचा. घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्याला पितळी बिल्ला सापडला. आजीचा, मिलमधला. वर भोक, नंबर इतका झिजलेला की शेवटचा आकडा तीन की आठ ते कळत नाही. विषय काय घेतला, तर 'प्रताप मिलचा भोंगा', म्हणजे गावातल्या कापडगिरणीचा. मी हसले होते, कबूल करते. पण पोरगं सायकलवर फिरून एकवीस म्हाताऱ्या माणसांशी बोललं. सकाळचा भोंगा कधी व्हायचा? कोणी सहा म्हणे, कोणी साडेसहा, कोणी सात. त्यानं कोणालाच खोटं पाडलं नाही. कोण कुठल्या साली कामाला लागलं ते शेजारी मांडलं, तर वेळांचे सरळ गट पडले. म्हणजे पाळ्या बदलल्या असणार. हे कुठल्या झेरॉक्समधून आलं, सर?

आजी त्याला म्हणाली होती, "भोंगा वाजना म्हंजे उठानं. आमले कसानं घड्याय?" त्यानं ते जसंच्या तसं लिहिलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी खाली लाल रेघ मारली, 'प्रमाण भाषा वापरा', आणि दहा गुण कापले.

जुना फळा: मॅडम, एक पोरगं सायकलवर फिरलं म्हणून बाकीच्या साठांचं पाप धुतलं जात नाही. एकतीस वर्षं मी प्रकल्प तपासले. दरवर्षी तोच विषय, फैजपूर काँग्रेस. 1936, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू, नंदलाल बोसांची बांबूची सजावट, संपलं. मंडपाची जमीन कोणाची, पाणी कुठून आणलं, स्वयंपाक कोणी केला, एकानं विचारलं नाही. एका प्रकल्पात तर परिच्छेदाखाली 'अधिक वाचा' हे शब्दसुद्धा छापलेले होते. मीही वाचलं अधिक. तेच होतं.

इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यातच वारले, 1926 ला. अस्सल कागदासाठी त्या माणसानं गावोगाव पायपीट केली. त्यांच्या नावाचं मंडळ धुळ्यात आहे. तुमच्या किती पोरांना मोडी वाचता येते?

सीएचबीवाला: पोरांचं सोडा, शिकवणाऱ्यांचं विचारा. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आले, चौथ्या वर्षाला संशोधन आलं, त्याला पंच्याहत्तर टक्के गुणांची अट आली. मार्गदर्शन कोण करणार? आम्ही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. वर्गातल्या तासाचे पैसे मिळतात, तेही दिवाळीच्या आशेवर. रविवारी पोरांना थाळनेरच्या किल्ल्यावर नेलं त्याचे शून्य. कॉलेजला त्यातला फक्त फोटो हवा, कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला, बॅनर सरळ धरलेला.

रावेरी केळं: विषय चांगला आहे, पण 'घड्याय' बघून लगेच सगळ्या खानदेशाची अहिराणी करू नका. ळ चा य आमच्या रावेरकडच्या लेवा बोलीतही होतो. बहिणाबाईंनाही असंच अहिराणीत ओढून नेलंत.

कानबाईचा भाऊ: आली का केळीची गाडी! ती आजी अमळनेरची आहे भो, रावेरची नाही. तिथे अहिराणीच.

रावेरी केळं: आजीबद्दल नाही बोलत मी. बहिणाबाई असोद्याच्या. 'माझा' या अर्थाचं तुमचं 'मना' त्यांच्या कवितेत एक तरी दाखवा. सांगा, थांबलोय.

कानबाईचा भाऊ: त्या खानदेशच्या. तुम्ही जातीचा दाखला घेऊन बसा.

रावेरी केळं: जात कोणी काढली? लेवा हे बोलीचं नाव आहे. मुद्दा संपला की अंगावर यायचं, ही तुमची जुनी खोड.

सातपुड्याचा: तुमचं भांडण आटपलं की सांगा. आमच्या आदिवासी बोलींचं, भिलोरी-पावरीचं नाव यात कोणी घेतलंच नाही, नेहमीप्रमाणे. आणि फळा सर, अस्सल कागद म्हणता ते कोणाचे? भिल्लांची इंग्रजांशी आंबापाणीची लढाई 1858 ची. त्यांचे पुढारी खाज्या नाईक, त्यांच्या कागदांचे रुमाल कुठल्या कपाटात आहेत? 1880 च्या खानदेश गॅझेटियरात साहेबानं आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, तोही अस्सलच कागद. माझी आजी जे गायची ते मात्र 'आठवण'. मी बी.ए.ला ते लिहून नेलं तेव्हा आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या, संदर्भ ग्रंथ कुठे आहे?

जुना फळा: आठवण टाकून द्या असं मी म्हटलेलं नाही. ती तपासा म्हणतोय. हेच घ्या ना. माझे वडील त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. एकाच पाळीला एकाहून जास्त भोंगे व्हायचे. पहिला उठवायला, शेवटचा फाटक लावायला. आजी जो सांगते तो उठायचा. दुसरा कोणी फाटकाचा सांगत असेल. तुमच्या चिरंजीवांनी 'कोणता भोंगा' असं विचारलं होतं का? नसेल, तर ते गट पाळ्यांचे कशावरून?

सातपुड्याचा: आणि एकाहून जास्त भोंगे होते हे तुम्हाला कुठल्या कागदावरून कळलं, सर?

जुना फळा: वडिलांकडून.

सातपुड्याचा: 🙏

तापीकाठ: मुलाला फोन केला. विचारलं नव्हतं. एकवीसपैकी एकालाही नाही. मीही तपासताना सुचवलं नाही, त्यामुळे सर, तेवढं तुमचं बरोबर. खूश व्हा. पण त्याला मोडी आली असती तरी हा प्रश्न सुचला नसता, तो सुचायला मिलवाल्याच्याच घरात वाढावं लागतं. एकवीसपैकी दोघं मधल्या काळात गेले. उरलेल्यांकडे तो परत जातोय.

जुना फळा: एकोणीस नव्हे, वीस धरा. वडील नाहीत, पण मी आठ वर्षांचा असल्यापासून त्यांचा डबा घेऊन फाटकाशी उभा राहायचो. पाठवा त्याला. येताना वही आणायला सांगा, मोबाइल नको. आणि दहा गुण कापणाऱ्या गृहस्थांना माझ्याकडून सांगा, की मुलाखतीत साक्षीदाराची भाषा बदलायची नसते. हे मात्र मी पहिल्या वर्षाला शिकवायचो.

सीएचबीवाला: त्याच्या पेट्रोलचं कोण देणार?

तापीकाठ: सायकल आहे त्याची.

रावेरी केळं: 'मना' अजून कोणी दाखवलेलं नाही.