घरी भरणाऱ्या प्रार्थनागटांबद्दल

सप्रेम नमस्कार मंडळी,

आम्ही चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून शास्त्रवाचन आणि प्रार्थना करावी म्हणतोय. रविवारची उपासना चालूच राहील. पण आमच्यात पाळक कोणी नाही, शास्त्र रीतसर शिकलेलंही कोणी नाही. चर्चमधल्या एका ज्येष्ठांना वाटतं की अशा गटांनी मंडळीत फूट पडते. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावं.

– एक सभासद

*

नमस्कार ताई,

जरूर सुरू करा. मी अशा गटात बरीच वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली मंडळी घरांतच भरत असे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे तंबू करून पोट भरणारं जोडपं. त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला प्रेषित पौल नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायात सलाम सांगतो. कलस्सैकरांस पत्रात नुंफाच्या घरच्या मंडळीचा उल्लेख येतो. सीरियात दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं असं एक घर उत्खननात सापडलं. दोन खोल्यांमधली भिंत काढून सभेसाठी मोठी खोली केलेली आणि दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद. बाहेरून मात्र चारचौघांसारखंच घर.

फुटीची भीती अगदीच निराधार नाही. फ्रँकफर्टमध्ये स्पेनर या लुथरन पाळकांनी १६७० मध्ये स्वतःच्या घरी असे मेळावे सुरू केले. चर्च आतून जिवंत व्हावं एवढाच त्यांचा हेतू होता, तरी त्यांतले काही जण पुढे चर्चपासून तुटले. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधीच तुमच्या पाळकांना भेटा, काय करणार ते सांगा आणि अधूनमधून त्यांना बोलवत जा. चोरून काही चाललंय असं कुणाला वाटता कामा नये.

शास्त्र शिकलेलं कोणी नाही याची काळजी मात्र सोडा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेथडिस्ट ही ख्रिस्ती चळवळ उभारणाऱ्या जॉन वेस्लींच्या गटांचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. १७४२ मध्ये ब्रिस्टलच्या सभागृहावर कर्ज होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी आणि ज्याला जमत नाही त्याची गोळा करणाऱ्याने स्वतः भरावी, असं ठरलं. पेनीसाठी दारोदार जाताना कोण आजारी आहे, कुणाच्या घरात भांडणं आहेत, कोण दारूकडे वळलंय, हे त्यांना दिसू लागलं. वेस्लींनी ते लगेच हेरलं आणि वर्गणीच्या या व्यवस्थेतून माणसांची विचारपूस करणारे गट उभे राहिले. त्यांचे पुढारी साधे कामकरी लोक होते, त्यांत स्त्रियाही होत्या. मोठ्या उपासनेत एखादा महिनाभर आला नाही तरी चटकन लक्षात येत नाही. दहा जणांत एक खुर्ची रिकामी राहिली की त्याच रात्री फोन जातो. माझ्या मते गट चालवायचा तो यासाठी.

बैठकीसाठी दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची सात पायऱ्यांची पद्धत घ्या. कॅथलिकांच्या लघु ख्रिस्ती समुदायांत ती बरीच रूढ आहे, पण कुणालाही चालेल. प्रार्थनेने प्रभूला बोलवायचं आणि उतारा वाचायचा. मग ज्याला जो शब्द किंवा ओळ भिडली ती त्याने सावकाश मोठ्याने म्हणायची, प्रत्येक वेळी थोडं थांबून. स्पष्टीकरण द्यायचं नाही. त्यानंतर काही मिनिटं शांतता, मग मनाला काय लागलं ते सांगायचं. सहाव्या पायरीला ‘या आठवड्यात आपण कुणासाठी काय करणार?’ हे ठरवायचं आणि शेवटी प्रार्थना. सहावी पायरी गाळायचा मोह होतो. ती गाळू नका.

– गटातला एक काका

*

काका, मनापासून आभार. दोन शंका. आमच्यातले एक जण बोलायला लागले की थांबत नाहीत, त्याचं काय करायचं? आणि घरी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घेता येईल का?

*

ताई,

प्रभुभोजनाचं तुमच्या पाळकांनाच विचारा. बहुतेक परंपरांत तो विधी दीक्षित पाळक किंवा धर्मगुरूच चालवतात. एकत्र जेवायला कुणाची आडकाठी नाही.

बोलणाऱ्यांसाठी पहिल्याच दिवशी नियम करा: सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही आणि दुसऱ्याच्या बोलण्यावर टिप्पणी करायची नाही. चालक दर बैठकीला बदला, म्हणजे त्यांनाही इतरांना बोलतं करावं लागेल. याहून कडक नियम गुप्ततेचा हवा. प्रार्थनेसाठी म्हणून कुणी घरचं दुखणं सांगतं आणि आठवडाभरात ते गावभर होतं. असं एकदा झालं की ते माणूस पुन्हा तोंड उघडत नाही, इतरही सावध होतात. नवीन कुणी आलं की हा नियम पुन्हा सांगा.

आणि बारा-तेराच्या वर संख्या गेली की दोन गट करा. जुनी माणसं कुरकुर करतील, तरी करा.

– काका