मदत हवी आहे : चित्रातल्या तेरड्याचा गुलाबी रंग उडतो आहे

नमस्कार. माझी आत्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवरच्या एका गावात राहते. शाळेतून चित्रकला शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यापासून ती जवळजवळ फक्त फुलेच रंगवते, आणि तीही जलरंगातच. बेळगावात के. बी. कुलकर्णींची व्यक्तिचित्रे पाहत ती शिकली, पण माणसांचे चेहरे तिला कधी रंगवावेसे वाटले नाहीत. चेहरा बसून राहायला तयार असतो, फूल नसते, असे तिचे म्हणणे. पावसाळ्यात कुंपणावर उमललेले कळलावीचे एकच फूल तिने रोज सकाळी छत्री धरून रंगवले, त्यामुळे हिरवट पिवळ्या पाकळ्या मागे वळत, पिवळ्या होत, शेवटी पूर्ण लाल कशा होतात ते सगळे एकाच कागदावर उतरले आहे. (छत्री धरण्याचे काम माझ्याकडे होते.)

अडचण तिच्या सर्वांत आवडत्या चित्राची आहे. गौरीसाठी आणलेल्या तेरड्याची जुडी तिने २०१९ मध्ये रंगवली, फुलामागची बारीक वाकडी नळीसुद्धा सोडली नाही, आणि ते चित्र काचेत बसवून खिडकीसमोर लावले. आज पाने तशीच हिरवी आहेत, फुले मात्र राखट झाली आहेत. "तेरड्याचा रंग तीन दिवस, माझा त्यापेक्षा बराच टिकला की," असे म्हणून ती हसली खरी, पण त्यानंतर तिने ब्रश हातात घेतलेला नाही. त्याच फुलांवर पुन्हा रंग चढवावा का, आणि कोणता? शिवाय पावसाळ्यात ठेवलेल्या कोऱ्या कागदावर रंग लावला की मध्येच टीपकागदासारखे डाग पडतात, ते कशामुळे?

प्रतिसाद (निपाणीहून) :
आत्याबाईंच्या हाताचा यात काही दोष नाही. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो, तो पाहावा. पी. आर. ८३, म्हणजे अलिझरिन क्रिमझन, पातळ थरात उजेडाने फिका पडतो; ऑपेरा नावाचा झगझगीत गुलाबी त्याहून लवकर. पी. व्ही. १९ हे क्विनाक्रिडोन गटातले द्रव्य पुष्कळच टिकाऊ आहे. जुन्या चित्रावर मात्र हात फिरवू नये असे माझे ठाम मत आहे, कारण ओल्या ब्रशाने खालचा थर सुटतो आणि आज जे उरले आहे तेही जाते. ते स्कॅन करून उन्हाच्या वाटेतून काढावे, आणि काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालावी. डागांचे कारण दमट हवा. कागदाने रंग शोषू नये म्हणून त्याला दिलेली खळ अशा हवेने खराब होते आणि तेवढ्या जागी कागद रंग पिऊन टाकतो. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, सुती कागदही त्यातून सुटत नाही. तो घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा.

धागाकर्ता :
मनःपूर्वक आभार. ट्यूब सापडली, पी. आर. ८३ च निघाली. आत्याला हे वाचून दाखवल्यावर तिने घरातल्या सगळ्या गुलाबी रंगांचे पट्टे एका कागदावर ओढले. ते अर्धे झाकून खिडकीत लावायचे, म्हणजे कोणता उडतो ते कळेल, असे तिने ठरवले आहे. झाकायला साधा काळा कागद पुरेल, की खालून उजेड शिरू नये म्हणून जेवण बांधायची फॉइलच लागेल, एवढे तिने विचारायला सांगितले आहे.