विषय: साताऱ्यात विकायला न काढलेली घरं कशी शोधायची?

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनमध्ये मी भाड्याने द्यायची घरं घेतो. इथे काउंटीच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. कर थकलेल्यांची यादी मिळते. कर्ज बुडालेल्या घराच्या लिलावाची नोटीस निदान 21 दिवस आधी लागते आणि लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होतो. मालकाचा टपालाचा पत्ता घराच्या पत्त्याहून वेगळा असला की तो बाहेर राहतो हे कळतं, आणि एजंटाच्या आधी त्याला गाठता येतं. आता साताऱ्यात किंवा कोरेगावात आई-बाबांच्या जवळ एखादी जागा घ्यायची आहे. एजंट दाखवतात त्या जागा आधीच दहा जणांनी बघितलेल्या असतात. आपल्याकडे कागदावरून असा शोध घेता येतो का? साताऱ्याचे काका या ई-मेल यादीवर आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावं.

(मूळ कोरेगाव, सध्या ह्यूस्टन)

उत्तर १

अरे, घेता येतो. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेखात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक पक्कं कर. अनिवासी भारतीय असो वा परदेशी नागरिकत्व घेतलेला ओसीआय कार्डधारक, फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांप्रमाणे तुला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा शेताच्या सातबाऱ्यामागे लागू नकोस. शहरातल्या मिळकती, गावठाणातली घरं आणि बिगरशेती प्लॉट, एवढंच बघ.

साताऱ्याच्या पेठांमध्ये मिळकत पत्रिका, म्हणजे शहरातल्या जागेचा मालकी दाखवणारा उतारा बघायचा, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचा उतारा. पत्रिकेवर वर सिटी सर्व्हे नंबर आणि क्षेत्र असतं, मग धारकाचं नाव आणि खाली फेरफारांचे, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदींचे रकाने. मी आधी शेवटच्या नोंदीचं साल बघतो. समज, ती 1974 ची आहे, धारक म्हणून आजोबांचं नाव आहे आणि त्यानंतर रकाना कोरा. म्हणजे दोन पिढ्यांचे वारस लागलेलेच नाहीत. जागेवर जाऊन बघितलंस तर दाराला कुलूप, पन्हाळी गळालेली, परसात एरंड माजलेला. नातवंडं पुण्यात, ठाण्यात, एखादं तुझ्यासारखं परदेशात. त्यांना ते घर नको असतं असं नाही आणि हवं असतं असंही नाही. सगळ्यांच्या सह्या एका कागदावर येत नाहीत म्हणून ते पडून असतं. अशी घरं बाजारात येत नाहीत, कारण एजंटाला महिन्याभरात उरकणारा सौदा हवा असतो.

दुसरी खूण नव्या वारस नोंदीची. भूमी अभिलेख खात्याच्या महाभूमी संकेतस्थळावरच्या 'आपली चावडी'वर जिल्हा, तालुका, गाव निवडलंस की चालू फेरफार दिसतात, हरकतीच्या शेवटच्या तारखेसकट. नोंद वाच, पण लगेच त्यांच्या दारात उभा राहू नकोस. घरात दिवसपाणी चालू असताना जागेचा भाव विचारणाऱ्याला आपल्याकडे पुन्हा कुणी पायरी चढू देत नाही.

भावाच्या बाबतीत आपण तुमच्या पुढे आहोत. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत जाहीर करावी लागत नाही. इथे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या खरेदीखताचा गोषवारा, फुकट बघता येते. मोबदला, बाजारमूल्य, मुद्रांक शुल्क, सगळं त्यात असतं. शेजारची दोन-चार खरेदीखतं बघितलीस की गल्लीचा अंदाज येतो.

लिलावाचं थोडक्यात सांगतो. सरफेसी, म्हणजे बँकांच्या थकीत कर्जवसुलीच्या कायद्यात बँक आधी 60 दिवसांची मागणी नोटीस देते, ताबा घेतल्याची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. पतसंस्थांची वसुली वेगळी, सहकार कायद्याच्या कलम 101 चा दाखला आणि नियम 107 चा लिलाव. आपल्या भागात पतसंस्थांचे बोजे पुष्कळ, तेव्हा सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' किंवा पत्रिकेवरचा 'इतर भार' हा रकाना वाचल्याशिवाय इसार देऊ नकोस.

आणि मालक बाहेरगावी म्हणजे विकणारच, हा तुमच्याकडचा हिशेब इथे लागू पडत नाही. विट्याचे सोनं-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक देशभर पसरलेत, पण गावातले बंगले त्यांचेच. पाटण-जावळीतला मुंबईकर वर्षातून एकदा यात्रेला येतो, तेवढ्यासाठी घर शाकारून ठेवतो. त्याला पत्र पाठवलंस तर राग येईल.

— काका

उत्तर २

काका, नमस्कार.

माझं माहेर सांगलीचं, म्हणून दोन गोष्टी लिहिते. सांगलीत नदीकडच्या भागात स्वस्त घर दिसलं तर 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि निळी-लाल पूररेषा नकाशावर बघा. मिळकत पत्रिकेवर पूर दिसत नाही.

दुसरी गोष्ट मनाला लागली म्हणून लिहिते. नडलेला माणूस शोधायचा, हे मला पटत नाही. आमच्याकडे नडलेली म्हणजे बहुतेक वेळा विधवा काकू, नाहीतर माहेरी हक्क असलेली आणि भाऊ 'सही कर' म्हणतील तिथे सही करणारी बहीण. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, तरी हक्कसोडपत्रावर सही घेताना किती जणींना जागेचा भाव सांगतात? कोरेगावचे भाऊ, तुम्ही पैसे भावांच्या हातात ठेवाल आणि मोकळे व्हाल. बहिणींचं काय?

— न्यू जर्सीहून, सांगलीची लेक

उत्तर ३

वहिनी, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि कायद्यानेही तेच शहाणपणाचं आहे. वारसांत राहून गेलेल्या बहिणीने दहा वर्षांनी दावा लावला तर घेणारा कोर्टात अडकतो. म्हणून मी त्याला सांगतो, पहिला फोन बहिणींना कर. सूची दोनमधला शेजारच्या घराचा भाव त्यांच्यापुढे ठेव. वारस नोंदीचा, वकिलाने घ्यायच्या मागच्या 30 वर्षांच्या मालकीच्या शोधाचा आणि जाहीर नोटिशीचा खर्च तू कर. परदेशातल्या वारसाला वकिलातीतून मुखत्यारपत्र करून घ्यायला मदत कर. बहिणींनी हक्कसोड करून एकाच्या नावाने खरेदीखत लिहिण्यापेक्षा सगळ्यांनी लिहून देणार म्हणून सही करावी आणि प्रत्येकाचा पैसा त्याच्या-तिच्या खात्यात जावा. घर चालू भावाला पडेल, थोडं वरही. तरी फायदा आहे, कारण हा कागदांचा गुंता सोडवायला दुसरं कुणी बसत नाही आणि मोकळं झालेलं घर पुढे कुणालाही देता येतं.

बाळा, कुणाची अडचण हेरून भाव पाडायचा असेल तर माझी मदत मागू नकोस. नाहीतर पेठेचं नाव आणि सिटी सर्व्हे नंबर कळव, मी नगर भूमापन कार्यालयात अर्ज टाकून पत्रिकेची नक्कल काढतो. तू येशील तेव्हा आधी त्या घरच्या वारसांच्या आत्याला भेटायला जाऊ.

— काका