गच्चीवरच्या टाकीला कोणता टायमर?
ताई, कुंड्यांना ठिबकने आपोआप पाणी द्यायला कोणता टायमर घ्यावा, असं तुम्ही विचारलंत. त्यावर एकाने सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप उघडणारा टायमर सुचवलाय, पण तुमचं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येणार, तिथे तो घेऊ नका. त्या झडपेला नीट उघडमीट करायला बहुधा अर्धा बार तरी दाब लागतो, आणि 1 मीटर उंचीला मिळतो जेमतेम 0.1 बार. थेट नळावर लावायचा म्हटलं तर सोलापुरात पाणी येतं काही दिवसांआड! तेव्हा बॉल व्हॉल्व्हचा (छोट्या मोटरने भोकाचा गोळा फिरवून उघडणारा), शून्य दाबावर चालणाराच घ्या. त्याच्या आधी जाळीचा फिल्टर हवाच. गाळ अडकून झडप अर्धवट उघडी राहिली, तर रात्रीत टाकी रिकामी होते.

ताशी 2 लिटरचा ड्रिपर (कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणारी तोटी) 15 मिनिटांत अर्धा लिटर देतो, पण हा हिशोब 1 बार दाबाचा. टाकीवर धार कमीच पडते. म्हणून एका ड्रिपरखाली बाटली लावून मोजा, मगच मिनिटं ठरवा. मे महिन्यात मोगऱ्याच्या कुंड्यांना पहाटे आणि संध्याकाळी अशा दोन पाळ्या ठेवा. दुपारी मात्र नको, उन्हात नळीतलं पाणी चटका बसेल इतकं तापतं. पाऊस लागला की टायमरचं ‘रेन डिले’ बटण (पाणी देणं तात्पुरतं थांबवणारं) वापरा, प्रोग्रॅम पुसायची गरज नाही.